फातिमाहून आलेलं खोकं

टीचरनी पेजेची वाटी पुन्हा परत सरकवली आणि कौसल्याचं डोकं फिरलं.

"शितं काढ. वरचं पाणी तेवढं दे," टीचर म्हणाल्या.

"नुसत्या पाण्यावर माणूस जगतो काय, टीचर?"

"प्रायश्चित्त आहे, कौसल्या. मेजवानी नाही."

कौसल्यानं वाटी उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि मोरीत अशी आपटली की मागच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटातूनही शेजारणीनं खिडकीत डोकं घातलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे, हात सटकला. हात कसला सटकतोय! कौसल्याला राग आला की भांड्यांची खैर नसते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या काही दिवसांत तर घरातलं एक पातेलं पोचा पडायचं राहिलं नव्हतं, तरी राग उतरत नव्हता. कारण ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस समोर नव्हता. समोर होती ती पलंगावरची म्हातारी, आणि ती स्वतःच स्वतःला शिक्षा देऊन बसली होती.

टीचर म्हणजे रेजिना परेरा. भिवंडीत पालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर व्याकरण शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्लीत त्यांना कुणी आंटी म्हणालं नाही की बाई म्हणालं नाही, सगळ्यांच्या त्या टीचरच. कौसल्या जवळच्या शेलार गावाहून रोज सकाळी यायची. आधी धुण्याभांड्यांपुरती, आणि टीचरचे गुडघे गेल्यापासून सगळ्यालाच. तिचा सुगत लहानपणी तिच्याबरोबर यायचा. आई भांडी घाशी तोवर टीचर त्याला समोर बसवून वाक्यं सोडवायला लावत, फुकट, आणि चुकलं की कान पिळत.

टीचरना जगातली सगळी तीर्थं तोंडपाठ होती आणि त्यांतलं जवळजवळ एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बांद्र्याची मोतमावली आणि एकदा कधीतरी वेलंकनी, एवढंच. आधी आईचं दुखणं, मग भावाची पोरं, मग गुडघे. पण ओळखीतलं जे कुणी जाई ते त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येई. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात म्हणूनच अर्धं जग मांडलेलं होतं. यार्देन नदीचं पाणी एका बाटलीत, लूर्दच्या झऱ्याचं दुसरीत. येशूनं शेवटच्या रात्री जिथं प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतलं ऑलिव्हचं वाळकं पान. बेथलेहेमहून आलेली लाकडाची इवलीशी गव्हाण. स्पेनमध्ये सांतियागोला पायी जाणारे लोक पाठपिशवीला बांधतात तसला एक शिंपला. कौसल्या हे सगळं पुसायची आणि टीचर पलंगावरून एकेकाची गोष्ट सांगायच्या, जणू परवाच जाऊन आल्यात.

कौसल्या बौद्ध. देवबीव ती मानत नव्हती आणि नवसाचं तर नावही काढू द्यायची नाही. पण वर्षातून एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर ती जायचीच, त्यामुळे माणूस उठून एवढ्या लांब का जातो हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिथं काही घडलं तिथं आपले पाय लागावेत, बस. टीचरचे पाय तर आता मोरीपर्यंतही जात नव्हते.

त्यांचा जीव अडकला होता फातिमात. हे पोर्तुगालमधलं गाव. शंभरएक वर्षांपूर्वी मेंढरं राखणाऱ्या तीन पोरांना तिथं येशूच्या आईनं, म्हणजे मावलीनं, दर्शन दिलं, असं टीचर सांगायच्या. तिथं लोक गुडघ्यांवर चालत मावलीच्या चॅपेलपर्यंत जातात, आणि बांद्र्याला वाहतात तसेच मेणाचे हात, मेणाचे पाय वाहतात. "आपल्यासारखंच गं सगळं," टीचर म्हणायच्या, आणि या आपल्यासारखंच असण्याचं त्यांना फार कौतुक होतं. त्यांचा भाचा इनास बोटीवर स्वयंपाकी. यंदा त्याची बोट लिस्बनला लागली तेव्हा तो सुट्टी काढून फातिमाला गेला. आत्याच्या नावानं त्यानं मेणाचा पाय वाहिला, आत्याच्या नावानं गुडघे सोलवटून घेतले, मावलीची एक मूर्ती घेतली, तिथल्या फादरांचा आशीर्वाद तिच्यावर घेतला आणि ती कुरियरनं पाठवून दिली. फोनवर म्हणाला, "आत्या, तू येऊ शकली नाहीस ना, म्हणून तीच येतेय तुझ्याकडे."

टीचरनी कपाटाचा मधला कप्पा लगेच रिकामा करून घेतला. खोकं लिस्बनहून निघालं, मुंबईला उतरलं, कस्टममधून सुटलं. सगळं फोनवर दिसायचं आणि टीचर भिंग लावून बघायच्या. मग ते गावाबाहेर वडप्याला, कुरियरच्या गोदामात पोचलं. म्हणजे सात समुद्र ओलांडून मावली टीचरच्या पलंगापासून रिक्षाच्या अंतरावर आली आणि तिथं घोडं अडलं.

नेमके त्याच आठवड्यात टीचरचे गुडघे सुजून मडक्याएवढे झाले. एका दुपारी अशी कळ आली की भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून त्या ओरडल्या, "नको गं मावली, आता मला काही नको, तू पण नको!" कौसल्या तिथंच पाय शेकत बसली होती. दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून निघतं तसं निघालं, आणि ती ते विसरूनही गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर मेसेज आला: रिफ्यूज्ड बाय कस्टमर.

टीचरनी तो मेसेज भिंगाखाली धरून पुन्हापुन्हा वाचला आणि जन्माच्या सवयीनं वाक्य सोडवलं. क्रिया, नाकारण्याची. नाकारणारा कोण? कस्टमर. आणि कस्टमर म्हणजे मी. दारात कुणी आलं नव्हतं, बेल वाजली नव्हती, कौसल्या शपथेवर सांगत होती. टीचर ऐकेनात. "बेल कशाला वाजायला हवी? मी तोंडानं म्हटलं ना, तू नको. तिनं ऐकलं आणि ती परत फिरली." त्या दिवसापासून शितं बंद झाली. फादर येऊन समजावून गेले. इनासनं समुद्रातून फोन करून हातापाया पडून घेतलं. डॉक्टर तर कौसल्याला बाजूला घेऊन म्हणाले की असंच चाललं तर पुढच्या महिन्याची खात्री मी देत नाही. टीचर सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, हसायच्या आणि पाणी मागायच्या.

आणि गंमत म्हणा नाहीतर दैवाचा खेळ म्हणा, वडप्याच्या त्याच गोदामात कौसल्याचा सुगत शिफ्ट इनचार्ज होता.

रोज जेवताना ती त्याला विचारायची. "सुगत, बघितलंस का रे खोकं?" तो म्हणायचा, "बघतो, आई." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोदाम केवढं मोठं, रोज किती माल येतो, एक खोकं सापडणं म्हणजे खायचं काम नाही, असं तो सांगायचा आणि कौसल्याला ते पटायचं. शेलारमध्ये तिनं त्याचं गळ्यातलं ओळखपत्र घरोघर दाखवलं होतं. आपला मुलगा कामचुकार असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण आज त्या आपटलेल्या वाटीकडे बघताना तिला वाटलं, पुरे झालं. हा शोधत नसेल तर मी शोधते. तिनं टीचरच्या उशाशी पाणी ठेवलं, शेजारणीला लक्ष द्यायला सांगितलं, चपला पायात घातल्या आणि रिक्षा पकडली.

वडप्याला हायवेच्या दोन्ही बाजूंना आता पत्र्याची गोदामंच गोदामं. कंटेनर एकामागे एक उभे, मधल्या धुळीतून जेवणाचे डबे घेतलेल्या बायका वाट काढतात. सुगतच्या गोदामाच्या फाटकावर राघो नावाचा तिथलाच एक म्हातारा वॉचमन होता. त्यानं हात आडवा केला.

"कुठं चाललीस, बाय? पास हाय काय?"

"पास माझ्या पोटात व्हता नऊ महिने. सुगतला बोलाव."

"ड्युटीवर हाय तो."

"मी पन ड्युटीवरच हाय. बोलावतोस का मी इथूनच हाका मारू?"

राघोनं तिचं तोंड बघितलं आणि मुकाट फोन उचलला. सुगत आला तो धावतच. गळ्यात ओळखपत्र, कानात यंत्र, घाम. आईला हाताला धरून तो चहाच्या टपरीमागे घेऊन गेला.

"आई, इथं कशाला आलीस? सगळे बघतायत."

"बघू दे. खोकं दे."

"कुठलं खोकं?"

"सुगत, मला शेंडी लावू नको. टीचरचं खोकं. तू शोधलंस का न्हाय?"

तो खाली बघायला लागला. कौसल्याला त्याचं हे खाली बघणं लहानपणापासून ओळखीचं होतं. पाटी फुटली तेव्हा असाच, दुसऱ्याची सायकल पाडली तेव्हा असाच.

"सापडलंय ते," तो म्हणाला.

"कुठं हाय?"

"आत. परत पाठवायच्या मालाच्या जाळीत."

मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं सगळं बाहेर आलं. खोक्यावरचं लेबल येताना फाटलं होतं, पत्ता गेला होता. उरलं होतं ते दुकानाचं छापील नाव, मोठ्या अक्षरांत: फातिमा. माल लावणाऱ्या पोरांना वाटलं, हे घेणाऱ्या बाईचं नाव. आता भिवंडीत फातिमा म्हटल्यावर गल्लीला दहा निघतात. डिलिव्हरीवाला ते खोकं घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरला. फातिमा आपा झाल्या, फातिमा बी झाल्या, फातिमा मॅडम झाल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, हमारा नहीं है.

एरवी कौसल्या पोट धरून हसली असती.

"एका आपांनी त्याला पाणी दिलं," सुगत म्हणाला. "खोक्यावरचं चित्र बघून म्हणाल्या, ये तो बीबी मरियम हैं, किसी ईसाई के घर का होगा, चर्च में पूछो. त्यानं येऊन मला सांगितलं."

"मग इचारलंस?"

"शिफ्ट संपत आली होती, आई. माल पेंडिंग दिसला की कुमारसर सगळ्यांसमोर लाज काढतात. म्हणून मग रिफ्यूज मारला."

"म्हंजे?"

"म्हणजे कस्टमरनं घेतलं नाही असं टाकायचं. सिस्टम क्लीन होते. सगळेच मारतात. सिस्टममध्ये पत्ता अर्धवट, पण फोन नंबर होता, त्यामुळे मेसेज गेला टीचरना."

"नंबर व्हता? मग फोन का न्हाय केलास?"

"एवढे फोन कोण करत बसणार?"

त्यानं हे इतक्या सहज म्हटलं की कौसल्याची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. आपण ज्याला मोठा साहेब समजत होतो तो दिवसभर हे करतो? लोकांनी जे केलंच नाही ते त्यांच्या नावावर मारत बसतो, आणि घरी येऊन हात धुऊन जेवतो?

जेवतो. या शब्दापाशी ती अडखळली.

"सुगत. ते टीचरचं हाय, हे तुला कधी कळलं?"

तो कानातलं यंत्र काढून हातात फिरवायला लागला.

"कधी कळलं?"

"तू घरी पहिल्यांदा बोललीस ना, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी आत जाऊन बघितलं, तर नंबर त्यांचाच."

कौसल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ती रोज रात्री ताट वाढताना सांगत होती, आज टीचरनी अर्धी वाटी पाणी घेतलं, आज तेही नाही घेतलं, आज उठवून बसवताना हाडं हाताला लागली. आणि हा समोर बसून ऐकत होता. ऐकत होता आणि भाकरी मोडत होता.

"तू जेवत व्हतास," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी सांगत व्हते आणि तू जेवत व्हतास. बोंबील अजून हाय का, असं इचारत व्हतास."

"आई, ऐक ना. खोटा रिमार्क सापडला तर डायरेक्ट घरी बसवतात. आत ऑडिट चालू आहे. ते संपलं की मी गुपचूप काढून आणणारच होतो. सापडलं म्हणून."

"तोवर टीचर राह्यल्या असत्या?"

"माझी नोकरी..."

"नोकरी गेली खड्ड्यात! माझ्या टीचर पाण्यावर झुरतायत आणि तू ऑडिटची वाट बघतोस? ज्या बाईनं तुला लिवायवाचायला शिकवलं तिला तू रिफ्यूज मारतोस? तुझ्या हाताला काय झालं व्हतं रे?"

टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. दोन ड्रायव्हर चहाचे कप हातात धरून ऐकत उभे राहिले. सुगतचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि कौसल्याला त्याची कणभर दया आली नाही. आली असती तर तिनं स्वतःलाच एक ठेवून दिली असती.

"आत जा. खोकं घे. आत्ता."

तो आत गेला. कॉम्प्युटरमध्ये काय करायचं ते केलं, पुन्हा डिलिव्हरीला काढल्याची नोंद टाकली आणि खोकं घेऊन आला. मोठं नव्हतं. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडं उंच, चारी बाजूंनी टेप गुंडाळलेली, आणि वर ते नाव. कौसल्या बाइकवर त्याच्या मागे बसली आणि खोकं तिनं मांडीवर घट्ट धरलं.

वाटेत सिग्नलला तो मान न वळवता म्हणाला, "आई, आपण असं करू. नुसतं खोकं देऊ. म्हणू, मावली परत आली. टीचरना आनंद होईल. त्या जेवतील. उगाच माझं नाव कशाला मध्ये?"

कौसल्यानं खोकं आणखी जवळ ओढलं. खरं सांगायचं तर तिलाही ते बरं वाटलं. राग होता, पण पोरगा तिचा होता. टीचर जेवल्या म्हणजे झालं. कुणी काय मारलं, कुणी काय दाबलं, ते घरी जाऊन दार लावून बघता येईल. पोराच्या पाठीकडे बघत ती मनात म्हणाली, ठीक हाय, एवढं करू. आणि असं म्हटल्याबद्दल तिला स्वतःचाही राग आला.

टीचर जाग्याच होत्या. सुगतला बघून त्यांचा चेहरा उजळला. "सुगत? ये रे. किती दिवसांनी!" मग त्यांची नजर कौसल्याच्या हातातल्या खोक्यावर गेली, आणि खोक्यावरच्या नावावर. त्यांनी हात छातीशी नेले.

"आली?"

"आली, टीचर," सुगत घाईघाईनं म्हणाला. "परत आली. स्वतःहून."

कौसल्यानं खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. टीचरनी त्याला हात लावला नाही. त्या बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कौसल्याला वाटलं, चला, सुटलो. ती पेज गरम करायला वळणार तोच टीचर बोलल्या.

"मी नको म्हटलं तरी आली. माझ्यासारख्या पापिणीकडे आली." त्यांनी डोळे पुसले. "घेऊन ठेव गं, कौसल्या. कपाटात नको. खाली ठेव. एवढ्यात मी तिला हात लावायच्या लायकीची नाही. आता तर मला आणखी उपास केला पाहिजे. पाणीसुद्धा जास्त होतंय मला."

मागे लूम चालूच होते.

कौसल्या सुगतकडे वळली. "सांग."

"आई..."

"सांग त्यांना."

सुगतनं इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरच्या तसबिरी बघितल्या, टीचरचे सुजलेले गुडघे बघितले, आणि एकदम पलंगाशी वाकला. एक गुडघा फरशीला टेकतोय न टेकतोय तोच कौसल्यानं त्याची कॉलर मागून पकडली आणि त्याला खेचून उभा केला. शर्टाचं बटण तुटून पलंगाखाली गेलं.

"उठ! गुडघे टेकायचे न्हाय. आपल्यात कुणी कुणापुढं टेकत न्हाय. चूक केलीस ना? मग उभा ऱ्हा आणि तोंडानं सांग. गुडघे टेकून पळवाट काढायची न्हाय."

टीचर चकित होऊन मायलेकांकडे बघत होत्या. "काय झालंय, कौसल्या?"

"टीचर," सुगत म्हणाला, "ते... रिफ्यूज... चुकून लागलं."

"काय लागलं?"

"रिफ्यूज लागलं. म्हणजे मारलं गेलं. सिस्टममध्ये."

टीचरच्या कपाळावर आठी पडली. इतके दिवस कौसल्यानं त्या कपाळावर दुःख पाहिलं होतं, पश्चात्ताप पाहिला होता, ताप पाहिला होता. ही आठी पाहिली नव्हती. ही शाळेतली होती.

"मारलं गेलं म्हणजे काय? कुणी मारलं? वाक्य नीट बोल."

"गोदामात..."

"गोदाम मारत नाही. गोदामाला हात नसतात. कर्ता कोण?"

आईनं कॉलर सोडली होती, तरी सुगत ताठ उभा होता.

"मी," तो म्हणाला. "मी मारलं. लेबल फाटलं होतं, पत्ता मिळाला नाही, मी शोधला नाही. नंबर होता तरी फोन केला नाही. मी लिहिलं की कस्टमरनं नाकारलं. तुम्ही नाही नाकारलं, टीचर. मी नाकारलं. आणि नंतर मला कळलं तुमचं आहे ते, तरी मी बोललो नाही."

कौसल्या टीचरच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता त्या नेहमीसारख्या हसतील, म्हणतील, जाऊ दे रे बाळा, मावली सगळ्यांना क्षमा करते. फादर तेच म्हणाले असते. टीचरचा स्वभावही तसाच. चोरानं पाकीट मारलं तरी त्याच्या पोराबाळांची चौकशी करणारी ही बाई.

टीचरचा आवाज आला तो खणखणीत.

"गाढवा."

सुगत दचकला. कौसल्याही दचकली.

"इतके दिवस मी तिची माफी मागतेय. झोपेत मागतेय, जागेपणी मागतेय. माझ्या जिभेला मी काय काय बोलले ते मला ठाऊक. आणि पाप तुझ्या बोटाचं होतं! ते मी माझ्या अंगावर घेऊन उपाशी मरत होते, आणि तू ते घेऊ दिलंस?"

"माफ करा, टीचर."

"नाही."

"टीचर..."

"नाही म्हटलं ना. फादर सांगतील माफ कर, म्हणून कधीतरी करावं लागेल. पण आज नाही. आज मला रागावू दे. कितीतरी दिवसांनी बरं वाटतंय मला." त्यांचे डोळे आता कोरडे होते. "आणखी किती जण आहेत रे?"

"कोण?"

"माझ्यासारखे. ज्यांनी काहीच केलं नाही आणि तू लिहिलंस की त्यांनी नाकारलं. कुणाचं औषध असेल, कुणाची राखी असेल. किती?"

सुगतनं मान हलवली. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हे सगळ्यात वाईट होतं, ते त्याच्याही चेहऱ्यावर दिसलं.

"उद्या तुझ्या साहेबासमोर उभा राहा आणि हेच वाक्य म्हण. असंच, कर्त्यासकट. मग ये माझ्याकडे. मग बघू."

"नोकरी जाईल, टीचर."

सुगतनं आईकडे बघितलं. लहानपणी टीचरनी कान पिळला की तो असाच आईकडे बघायचा, आणि आई म्हणायची, अहो टीचर, राहू द्या. कौसल्याच्या ओठांवर ते आलंही. तिनं ते गिळलं.

"कौसल्या," टीचर म्हणाल्या, "पेज नको मला. भात आहे?"

"हाय, टीचर! डाळ हाय. सुक्या जवळ्याची चटनी हाय."

"वाढ."

कौसल्या जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली. फळीवरून तिनं दोन ताटं काढली. पोरगा सकाळच्या शिफ्टला निघाला तो चहावर निघाला होता, हे तिला माहीत होतं. बाहेरून टीचरचा आवाज आला.

"एकच ताट काढ. याला नको."

कौसल्यानं दारातून बघितलं. सुगत जिथं उभा केला होता तिथंच उभा होता. तिनं एक ताट फळीवर परत ठेवलं आणि दुसऱ्यात भात वाढायला घेतला.